मागच्या अंगणाची एवढी घाई कशाला?

पत्र थोडक्यात: साताऱ्याजवळच्या एका नव्या वसाहतीतून 54 वर्षांच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशांतून तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर त्यांचं दुमजली घर नुकतंच बांधून झालं. घर दक्षिणमुखी आहे. मागे उत्तरेला 40 फूट रुंद आणि 20 फूट खोल जागा मोकळी राहिली आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास वास्तुशांत करायची आहे आणि तोवर ‘मागचंही उरकून टाकू’ असं घरात सगळेच म्हणतात. पुण्यातल्या मुलाला आपल्या चार वर्षांच्या लेकीसाठी सगळीकडे लॉन हवं आहे. यजमानांना चिखल आणि साप नकोत, म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत. सासूबाई 78 वर्षांच्या. त्यांना माहेरच्यासारखा परस हवा: केळ, अळू, शेवगा, लिंबू, जमलं तर आंबा. एका कंत्राटदाराने लॉन, छोटं कारंजं आणि कंपाउंडच्या कडेने झटपट वाढणारी हिरवी भिंत, असं मिळून 1 लाख 85 हजारांचं कोटेशन दिलं आहे. हाताशी दीड लाख उरले आहेत. ताई विचारतात, ‘कुणाचं ऐकू? आणि थोडं कर्ज काढून एकदाच करून टाकावं का?’ पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: ‘कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधायची, हे मात्र कुणीच बोलत नाही.’

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी कर्जाचं सांगते. तो प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण झोप त्यानेच उडवली असणार. मागच्या अंगणासाठी कर्ज काढू नका. घराची स्लॅब अर्धी टाकून चालत नाही, बाग मात्र थोडी थोडी केली तर स्वस्तही पडते आणि नीटही होते. तुमच्याकडे दीड लाख आहेत ते पुरेसे आहेत. त्यातले निम्मे तर मी तुम्हाला पुढच्या दिवाळीपर्यंत हातच लावू देणार नाही.

आता त्या तारखेचं. वास्तुशांतीला घर तयार हवं हे बरोबर, पण अंगण तयार हवं असं कुणी ठरवलं? जरा त्या दिवसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आचारी त्याच्या शेगड्या कुठे मांडणार? मागेच. मोठी पातेली कुठे घासली जाणार? मागेच. मांडवाचे खांब मागेच रोवले जाणार आणि शे-दीडशे माणसं तिथेच जेवणार. आठ दिवसांपूर्वी अंथरलेल्या लॉनवर गरम तेल, तारेची घासणी आणि खुर्च्यांचे पाय पडले की काय होतं ते मी दोन घरी पाहिलं आहे. त्यात उन्हाळा ऐन भरातला. नवी हिरवळ रुजायला तो वर्षातला सगळ्यात वाईट काळ. त्या दिवसापुरती जमीन सपाट करा, सडा मारा, रांगोळी काढा. तेवढं शोभून दिसेल.

कोटेशनच्या यादीत जी गोष्ट नाही ती तुमच्या पत्रातही नाही: माती. आपण सगळे गृहीत धरतो की मागे जमीन आहे म्हणजे माती आहे. नव्या घरामागे बहुतेक वेळा तसं नसतं. पाया खणताना वरची चांगली माती खाली जाते नाहीतर ट्रॉलीत भरून बाहेर जाते. वर येतो तो पायातला मुरूम. त्यावर वर्षभर वाळूचे ढीग पडतात, सिमेंट कालवलं जातं, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, फरशीचे कपटे, सळईची तार असं सगळं जमतं. शेवटी कामगार तो राडारोडा पसरून वरून घमेलंभर मुरूम टाकतात आणि जागा स्वच्छ दिसू लागते.

माझ्या स्वतःच्या घरी मी हे तपासलं नव्हतं. दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लाल माती विकत आणून पसरली, वर लॉन लावलं. पहिला पावसाळा सुंदर गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध एक पिवळा पट्टा उमटला, कितीही पाणी घातलं तरी हटेना. कुदळ मारली तर फूटभर खाली खण्ण असा आवाज आला. काँक्रीटचा मिक्सर रोज जिथे धुतला जायचा तिथे बोटभर जाडीचा सिमेंटचा पापुद्रा तयार झाला होता. त्याच्या वरचं पाणी खाली जात नव्हतं आणि मुळंही जात नव्हती. शिवाय विकतच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी आल्या, त्या काढायला मला चार वर्षं लागली. तुमच्या 800 चौरस फुटांवर सहा इंच माती टाकायची म्हटलं तरी चार ब्रास लागते. एवढे पैसे खर्च करण्याआधी खाली काय आहे ते बघाच.

त्यासाठी एक गडी आणि एक दिवस पुरतो. पाच ठिकाणी दीड-दीड फूट खणून घ्या: चार कोपरे आणि मध्य. काय निघतं ते वहीत लिहा. मधल्या खड्ड्याच्या तळाशी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा नेटका चौकोन करून तो पाण्याने भरा. जिरू द्या. परत भरा आणि आता तासाभरात पाणी किती इंच उतरतं ते पट्टीने मोजा. एक ते तीन इंच उतरलं तर निश्चिंत राहा. अर्धा इंचही उतरलं नाही, तर खालचा मुरूम ट्रकच्या आणि जेसीबीच्या वजनाने दाबून बसला आहे. तो टिकावाने फोडल्याशिवाय तिथे काहीही लावणं म्हणजे बादलीत झाड लावणं. खड्ड्यातली मूठभर माती वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे. आपल्याकडची काळी माती मुळात थोडी अल्कधर्मी असते, त्यात सिमेंट मिसळलं की झाडाला जमिनीतलं लोह घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पानांना लोक खतावर खत घालत बसतात. कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत माती तपासून मिळते, तिथे एक पिशवी जरूर द्या.

नळाच्या, ड्रेनेजच्या आणि सेप्टिक टँकच्या सगळ्या चेंबरचे फोटो आत्ताच काढून ठेवा, प्रत्येक झाकण भिंतीपासून किती फुटांवर आहे ते टेपने मोजून. पुढे या फोटोंचे तुम्हाला किती उपकार वाटतील ते लिहून पटणार नाही.

पाण्याकडेही एकदा बघा. तुमची गच्ची 1200 चौरस फूट धरली तर तिच्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 11 हजार लिटर पाणी होतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात एवढा पाऊस काही दिवसांत होऊन जातो. गच्चीचे पाइप मागे सोडले असतील तर ते सगळं त्या 20 फुटांत येणार. पेव्हर ब्लॉक असोत, लॉन असो की परस, जमिनीचा उतार घराकडून कंपाउंडकडे हवा. दर 10 फुटांना दोन इंच पुरतो. घराला लागून दोन-अडीच फुटांची पट्टी कोरडी ठेवा. बांधकामवाले तिला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. काळ्या मातीवर घर असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. जोत्याला चिकटून रोज पाणी पिणारा वाफा केला की भिंतीला तडे जायला निमित्त मिळतं.

लॉनबद्दल मुलाला काय सांगायचं हा तुमचा अवघड भाग आहे, म्हणून सूर्याचं थोडं सविस्तर लिहिते. तुमची जागा घराच्या उत्तरेला आहे. उन्हाळ्यात तिथे भरपूर ऊन असेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो. आत्ता बघाल तर वाटेल, वा, काय लख्ख जागा आहे! पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. तुमचं घर गच्चीच्या कठड्यासकट 24 फूट उंच असेल, तर त्याची भर दुपारची सावली सुमारे 21 फूट मागे पडेल. जागा 20 फूट खोल आहे. म्हणजे ऐन थंडीत दुपारी बाराला घराच्या मागचा मधला सगळा भाग सावलीत. सकाळी ईशान्येच्या आणि दुपारनंतर वायव्येच्या कोपऱ्यात काय ऊन मिळेल तेवढंच. लॉनचं गवत बहुतेक आपल्या हरळीच्याच जातकुळीतलं, त्याला दिवसभर ऊन लागतं. हिवाळ्यात ते विरळ होणार, मध्ये शेवाळ येणार. उन्हाळ्यात 800 चौरस फूट लॉनला दिवसाला साडेतीनशे-चारशे लिटर पाणी लागणार. हे आकडे मुलाला दाखवा. ‘बाबा नको म्हणतात’ यापेक्षा ते त्याला लवकर पटतील.

त्याची इच्छा मात्र मोडीत काढू नका. चार वर्षांच्या मुलीला लॉन नको असतं. तिला बसकण मारायला दहा बाय बाराचा हिरवा तुकडा, खणायला ओली माती आणि एक झोपाळा हवा असतो. तेवढा तुकडा ईशान्येच्या कोपऱ्यात साध्या हरळीचा करता येईल. बाप्पाला दूर्वाही तिथल्याच मिळतील.

यजमानांचं चिखलाचं म्हणणं खरं आहे. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पाय ठेवताच चिखल असेल, तर तुम्ही मागे जाणंच सोडून द्याल. दारासमोर दहा बाय बाराची बसायची जागा पेव्हर ब्लॉकची करा, पण खाली काँक्रीट न ओतता. नीट दाबलेल्या खडीवर कच (दगडाचा बारीक चुरा) आणि त्यावर ब्लॉक, म्हणजे सांध्यांतून पाणी जिरेल. तिथून पुढे मोरीपर्यंत तीन फूट रुंद वाट शहाबादी फरशीची, तीही नुसती बसवलेली, म्हणजे उद्या सरकवता येईल. सगळी जागा झाकली तर उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत तिथून धग येत राहील आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडवणार नाही.

सापांची त्यांची भीतीही मी हलक्यात घेत नाही. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. पण साप झाडांसाठी येत नाही, उंदीर आणि बेडकांमागे येतो आणि आडोशाला थांबतो. नव्या घरामागे उरलेल्या विटांची चवड, सेंट्रिंगच्या फळ्या, रिकामी सिमेंटची पोती असतात ना, तोच त्याचा आडोसा. आधी तो ढीग हलवा. हलवताना हात घालू नका, काठीने सरकवा. दाराजवळ दाट झुडुपं आणि पालापाचोळ्याचे जाड थर नकोत, मागे एक चांगला दिवा हवा. पेव्हर ब्लॉक टाकून ढीग तसाच ठेवला, तर काहीच साधणार नाही.

आता सासूबाईंची यादी. ती जुन्या पद्धतीची म्हणून घरात मागे पडते आहे असं तुमच्या पत्रातून जाणवलं. मला तर ती सगळ्यांत जास्त विचारपूर्वक केलेली वाटली. केळ आणि अळू मोरीच्या पाण्यावर वाढतात, म्हणूनच जुन्या परसात ती मोरीला लागून असायची. अळू, आलं, हळद, नागवेल यांना अर्धी सावली चालते, म्हणजे तुमच्या घराच्या बाजूची जी जागा लॉनला निकामी, ती यांच्या कामाची. साबणाचं पाणी एकाच जागी सतत मात्र सोडू नका. दोन आळी करा आणि आलटून पालटून पाणी वळवा. कोथिंबीर-मेथीला तर ते पाणी नकोच. केळीला मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्लं) येत राहतात, तीनच्या वर ठेवू नका. नाहीतर दोन वर्षांत केळीचं बेट होईल.

शेवगा घराला लागून लावू नये असं म्हणतात, त्याला कारण आहे. लाकूड ठिसूळ, वळवाच्या एका वाऱ्यात फांदी खाली येते. कंपाउंडच्या बाजूला लावा आणि दरवर्षी शेंगा निघून गेल्या की चार फुटांवर छाटा. आंब्याला मात्र मी नाही म्हणेन. कलमी आंबा पूर्वापार दहा-दहा मीटरवर लावतात, तुमची जागा सहा मीटर खोल आहे. छाटून आटोक्यात ठेवता येतो, पण तुमच्या घरी दरवर्षी छाटणार कोण? आणि चुकलं तर सहज पुसता येत नाही. तुमची वसाहत नागरी हद्दीत असेल तर 1975 च्या झाडांच्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी घ्यावी लागते. एकच मोठं झाड लावायचं ठरवा, बकुळ किंवा सोनचाफा, आणि ते कंपाउंडपासून पाच फूट आत, सेप्टिक टँकपासून शक्य तितकं लांब. वड-पिंपळाची रोपं आपोआप उगवली तर वीतभर असतानाच काढा.

सासूबाईंसाठी आणखी एक करा. उरलेल्या विटांचा दोन-अडीच फूट उंच, तीन फूट रुंद वाफा बांधा. त्यांना न वाकता, स्टुलावर बसून हात घालता येईल. त्यात पुदिना, कढीपत्त्याचं रोप, कोथिंबीर, जे त्या म्हणतील ते. त्यांनी नुसतं सांगायचं आणि दुसऱ्याने लावायचं, यात त्यांचा परस होणार नाही.

कंत्राटदाराच्या हिरव्या भिंतीबद्दल एक प्रश्न विचारा: झाडाचं नाव काय? ‘कोनोकार्पस’ म्हणाला तर स्पष्ट नको म्हणा. झटपट वाढतं म्हणून ते सर्रास खपवलं जातं. त्याची मुळं पाइप आणि केबलमध्ये घुसतात, परागकणांच्या तक्रारी आहेत. गुजरात सरकारने 2023 मध्ये ते लावायला बंदी घातली. त्याऐवजी अडुळसा लावा, त्याला शेळीही तोंड लावत नाही. जास्वंद किंवा कुंती लावा. दोन वर्षं जास्त लागतील. कारंजं तर सोडूनच द्या, चार दिवस बंद पडलं की डासांची पैदास.

मग यंदा करायचं काय? वास्तुशांतीपर्यंत राडारोडा काढणं, जमीन फोडणं, उतार काढणं, बस. कार्य झालं की ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत पसरा आणि पहिला चांगला पाऊस झाला की सगळीकडे ताग पेरा, हिरवळीच्या खतासाठी. कृषी सेवा केंद्रात बी मिळतं, तुमच्या जागेला अर्धा किलो पुरेल. पाणी साचणारी किंवा फारच चुनखडीची जमीन निघाली तर ताग नको, धैंचा हे तसंच दुसरं पीक. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तो कमरेच्या वर जातो, पिवळी फुलं धरू लागतो. तेव्हाच कापून तिथल्या तिथे मातीत गाडायचा. त्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात, मुळं मुरमात घुसून वाट करतात आणि गाजरगवताला डोकं वर काढायला जागा राहत नाही. मोरीजवळची केळ-अळू आणि सासूबाईंचा वाफा याच पावसाळ्यात. हरळीचा तुकडा आणि पेव्हर ब्लॉक सप्टेंबरनंतर, भराव एक पावसाळा बसल्यावर. मोठं झाड, लिंबू, शेवगा पुढच्या जूनला.

असाच प्रश्न घेऊन आलेल्या इतरांसाठी दोन शब्द. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर माती जांभ्याची, आम्लधर्मी, आणि पाऊस दांडगा. तिथे पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते, म्हणून आधी बांध-बंदिस्ती. नागपूर-अकोल्याकडे मागची बाजू पश्चिमेला असेल तर सगळ्यात आधी सावलीचं झाड, बाकी सगळं नंतर. आणि रो-हाउसवाल्यांनी खणण्याआधी सोसायटीच्या पाइपांचा नकाशा मागून घ्यावा.

ताई, लॉन, परस, ब्लॉक यांवरून तुमच्या घरात जो वाद चालला आहे, त्यात मागच्या दाराने दिवसातून दहा वेळा ये-जा कोण करणार हे कुणी विचारलेलं दिसत नाही. मुलगा महिन्यातून दोन दिवस येणार. धुणं, भांडी, पापड-कुरडया, गव्हाला ऊन देणं, हे सगळं तुम्ही करणार. म्हणून तुमची ती कंसातली ओळ मी आराखड्याच्या अगदी पहिल्या ओळीत घेते आहे.

दोरी याच आठवड्यात बांधा. पक्के खांब नकोत, दोन बांबू आणि नायलॉनची दोरी. दर महिन्याला ती हलवून बघा, कुठे धुणं लवकर वाळतं, कुठे दुपारपर्यंत ओलं राहतं, आणि तारीख घालून वहीत टिपा. डिसेंबरात जिथे चादर सगळ्यात आधी वाळेल तिथे एक खुंटी ठोकून ठेवा. पुढच्या जूनमध्ये सासूबाईंचं कागदी लिंबू त्या खुंटीच्या जागी लावायचं, आणि दोरी त्याच्या शेजारी, काट्यांपासून चार हात लांब, यावेळी पक्क्या खांबांवर.